चिलखतातील नायिका



आपली मुले ज्या व्हिडिओ गेममध्ये तासन्‌तास रमतात, त्यांतील स्त्री कोणाच्या नजरेतून रेखाटलेली असते, हा प्रश्न मी आज आपणापुढे ठेवू इच्छितो. बंदी हा आम्हा सरकारी माणसांचा हातचा उपाय. तो मी सुचवीत नाही. मुलांशेजारी घटकाभर बसून पाहावे, एवढेच.

१९८६ साली जपानच्या निंटेंडो कंपनीने ‘मेट्रॉइड’ हा खेळ काढला. त्यातील योद्धा सॅमस अरान आपादमस्तक चिलखतात. इंग्रजी माहितीपुस्तिकेतही त्याचा उल्लेख पुरुष म्हणूनच. खेळ त्वरेने संपविला की शिरस्त्राण उतरते आणि कळते, ही तर स्त्री! केवढा सुखद धक्का! पण तेथेच थांबतील तर ते व्यापारी कसले? तासाच्या आत खेळ संपविणाऱ्यास ती बिकिनीत दिसते. पराक्रम तिचा, बक्षीस मात्र खेळणाऱ्यास, आणि तेही तिच्याच देहाचे. चिलखत घालून लढण्याचे स्वप्न पाहणाऱ्या आपल्या मुलीने या बक्षिसाचे काय करावे?

१९९६ साली इंग्लंडमधील डर्बीच्या कोअर डिझाइन कंपनीने ‘टूम रेडर’मधून लारा क्रॉफ्ट आणली. निर्भय, सुविद्य, कोणा राजपुत्राची वाट न पाहणारी. जाहिरातींनी मात्र दवंडी पिटली ती तिच्या बांध्याची. २०१३ च्या नव्या खेळाची प्रमुख लेखिका होती ऱ्हियाना प्रॅचेट. त्यातील लाराची तोकडी विजार गेली, लांब आली. कडे चढताना ती धडपडते, रक्तबंबाळ होते आणि पुन्हा उठते.