गुरुगृहातून वर्गात आलेले गाणे

पूर्वी शास्त्रीय गायन शिकायचे तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकांच्या आश्रयाऐवजी लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर ते चालले. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलेखन आणि छापील पुस्तके यांमुळे अनेक विद्यार्थी एका वर्गात बसून शिकू लागले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास हे पलुस्करांचेच शिष्य. पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. वर्गात, ठरल्या तासाला गाणे शिकण्याची पद्धत अशी रुळली.