दाढीचे दिवस



तरणा मुलगा दाढी राखू लागला, की घरातले वडीलधारे विचारतात, "काय रे, नवस बोललास की काय?" शाळेत गुरुजी म्हणतात, "हा काय अवतार?" जणू दाढी म्हणजे अपराधच. पण इतिहास चाळला तर दिसते, की दाढी कधी अपराध ठरली, तर कधी भूषण. हा निवाडा कोण करते, ते आज पाहू.

पहिले उदाहरण रशियाचे. झार पीटर 1698 साली पश्चिम युरोप पाहून परतला. आपला देश तसाच दिसला पाहिजे, या ध्यासाने त्याने दरबारातल्या सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापल्या. पुढे 1705 साली त्याने दाढीवर कर बसवला. श्रीमंत व्यापाऱ्याला वर्षाला 100 रूबल! कर भरणाऱ्याला दाढीमिशांचे चित्र असलेला बिल्ला मिळे. शेतकऱ्याला गावात दाढी माफ होती; मात्र शहराच्या वेशीतून जाताना एक कोपेक, म्हणजे रूबलचा शंभरावा भाग, मोजावा लागे. आपण मालाची जकात ऐकली आहे. ही हनुवटीची जकात!

यातली खरी गोष्ट पैशाची नव्हे. दाढी काढणे हे पाप, असे तिथले कित्येक भाविक मानीत. त्यांच्या श्रद्धेवरच वस्तरा चालला. शिवाय गुळगुळीत तोंडाचा तो सुधारलेला आणि दाढीवाला तो गावंढळ, अशी वाटणी झाली. हा कर 1772 साली उठला. पण अशा वाटण्या लवकर पुसल्या जात नाहीत.

आता इंग्लंडकडे वळू. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दाढीची आवड वाढू लागली होती. तेवढ्यात क्रिमियाचे युद्ध झाले, 1853 ते 1856. थंडीत कुडकुडलेले शिपाई दाढ्या वाढवून घरी आले. वीरांची दाढी ती. मग कारकुनांनाही ती हवीशी वाटली. अमेरिकेत तर 1860 साली अकरा वर्षांच्या एका मुलीने लिंकनला पत्र लिहून दाढी राखायला सुचवले, आणि त्याने ती राखली!

मग दाढी गेली कशी? एक कारण हत्याराचे. पूर्वीचा वस्तरा चामड्यावर परजावा लागे आणि चालवायला सराईत हात लागे. जिलेटची कंपनी 1901 साली निघाली, 1903 पासून तिचे पाते बदलण्याचे वस्तरे विकले जाऊ लागले, आणि घरच्या घरी दाढी करणे सोपे झाले. दुसरे कारण पुन्हा युद्धच. 1914 ते 1918 च्या महायुद्धात विषारी वायू आला. त्यावरचा मुखवटा तोंडाला घट्ट बसायचा, तर मध्ये दाढी नको. अमेरिकेने सैनिकांना वस्तरे दिले. ते घरी परतले ते रोज दाढी करण्याची सवय घेऊनच. म्हणजे बघा, एका युद्धाने दाढी वाढवली, दुसऱ्याने ती उतरवली.

1960 नंतर तरुणांनी बंडखोरी म्हणून ती पुन्हा राखली, आणि 2010 नंतर तर तिला मोठाच बहर आला. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. बहुतेक चेहरे गुळगुळीत असले, की दाढीवाला अधिक आवडे. बहुतेक दाढीवाले असले, की गुळगुळीत चेहरा. दुर्मिळ तेच देखणे! म्हणून सगळ्यांनी दाढी राखली, की तिचा उतार जवळ आलाच म्हणून समजा.

कित्येकांची दाढी ही श्रद्धेची असते. शीख बांधवांचेच पाहा ना. तिला हा चढउताराचा नियम लावू नये. बाकीच्यांबाबत आम्हा शिक्षकमंडळींनी एवढे करावे : मुलाची वही पाहावी, वागणे पाहावे आणि मग त्याची किंमत करावी. दाढी काय, ती येते आणि जाते. हनुवटीवर जकात बसवणारा झार मात्र आपल्या वर्गात नसावा.