मैफलींच्या चोरट्या ध्वनिफिती आणि ग्रंथालयाचे दायित्व



ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीविषयीची एक आख्यायिका या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ यांच्या तानेचा मोठा दबदबा होता. नत्थन पीरबक्षांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांना महाराजांनी पडद्याआड बसवून ते गाणे ऐकविले, आणि पुढे त्या दोघा तरुणांनी तशीच तान भर दरबारात घेऊन दाखविली. आपली विद्या चोरीस गेली म्हणून बडे महंमद खाँ संतापले. आख्यायिकेतील तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. तिच्यातील पेच मात्र बदलत नाही. ज्या गायकीचा ग्वाल्हेरला अभिमान, तिच्या कथेच्या आरंभीच गायकाच्या संमतीवाचून घडलेले श्रवण आहे.

त्या काळी कान आणि स्मृती हीच ध्वनिमुद्रणाची साधने होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेपरेकॉर्डर आला आणि पडद्याआडच्या श्रोत्याची जागा यंत्राने घेतली. पाश्चात्त्य देशांत अशा चोरट्या ध्वनिमुद्रणाला ‘बूटलेग’ म्हणतात. बुटाच्या नळीत लपवून नेलेल्या दारूवरून हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे त्याला वेगळे नाव पडले नाही. ‘खासगी मैफलीची फीत’ एवढे म्हटले की जाणकारांना उमज पडे.

या फितींविषयी कलावंतांच्या मनात काय होते, हे केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या उदाहरणावरून कळते. मैफलीत ध्वनिमुद्रण करू देण्यास त्यांचा विरोध सर्वश्रुत होता. कष्टाने मिळविलेल्या विद्येची नक्कल होईल, ही धास्ती त्या पिढीत होतीच. त्याशिवाय आणखीही एक कारण संभवते. मैफल ही त्या रात्रीची, समोर बसलेल्या श्रोत्यांची असते. एखाद्या दिवशी आवाज लागत नाही, साथ जमत नाही. ती उणी रात्र कायमची जतन व्हावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार गाणाऱ्याचाच असावयास हवा. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांतून जी सुवर्णतबकडी अंतराळात धाडण्यात आली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. ती त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रिकेसाठी गायिली होती, आणि तिची लांबी अवघी साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे.

येथेच प्रश्नाची दुसरी बाजू उभी राहते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. ज्या ख्यालाला मैफलीत पाऊण तास लागावा, त्याची त्यात केवळ रूपरेषा मावे. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांची तर एकही तबकडी बाजारात आली नाही. ग्वाल्हेरच्या परंपरेतील शरच्चंद्र आरोलकर (१९१२–१९९४) यांचे गाणेही पुष्कळांपर्यंत पोहोचले ते आकाशवाणीच्या आणि खासगी फितींवरून. आलापाची संथ बढत, बोलअंग, दाद मिळाल्यावर गायकाने घेतलेले वेगळे वळण, हे सारे त्या फितींतच उरले. गायकाच्या इच्छेचा भंग करणारी वस्तूच पुष्कळदा त्याच्या कलेची पूर्ण साक्ष ठरते.

या संदर्भात ग्रंथालयाच्या सभासदांना अगत्याने सांगावी अशी एक हकीकत आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगांतील गायन एडिसनच्या यंत्रावर मेणाच्या नळ्यांवर टिपले. एकेक तुकडा दोनेक मिनिटांचा, खरखरीने भरलेला. तरीही जाँ द रेश्के या विख्यात गायकाचा आवाज आज ऐकावयाचा तर त्या नळ्यांवाचून गत्यंतर नाही. नळ्यांचा मोठा भाग आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सुरक्षित आहे.

नुसते जतन मात्र पुरेसे नाही. २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणारे गीतकार बॉब डिलन यांच्या १९६६ सालच्या एका मैफलीची चोरटी तबकडी जगभर गाजली. लंडनच्या ‘रॉयल अल्बर्ट हॉल’मधील मैफल म्हणून ती वर्षानुवर्षे ओळखली गेली. वस्तुतः ती १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या ‘फ्री ट्रेड हॉल’मध्ये झाली होती. १९९८ साली ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली, तेव्हाही ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत राहिलेच. एवढ्या गाजलेल्या मैफलीची ही कथा, तर ज्या फितीवर केवळ ‘यमन, पुणे’ एवढेच लिहिले आहे, तिची काय अवस्था होणार?

भारतीय कायद्याने हा विषय उशिरा हाती घेतला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. १९९९ मध्ये त्याची मुदत २५ वर्षांवरून ५० वर्षांची झाली. खासगी उपयोगासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले मुद्रण त्यातून वगळलेले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर सादरकर्ता म्हणून आपले नाव लागावे, हा कलावंताचा हक्कच मानला.

ग्रंथालयाचे दायित्व याच नावापासून सुरू होते. संग्राहक निवर्तला की त्याच्या फिती घरच्यांना अडगळ वाटू लागतात. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते, बुरशी धरते आणि फितीवरचा लेप सुटू लागतो. अशी फीत दारी आली तर ती स्वीकारावी, आणि देणाऱ्याच्या हयातीतच विचारून घ्यावे: गायक कोण, तबल्यावर व पेटीवर कोण, राग, ताल, बंदिश कोणती, स्थळ आणि दिनांक कोणता, मुद्रण कोणी केले, संमती होती की नव्हती. यंत्राचा वेगही टिपून ठेवावा. फीत सहा टक्के जलद फिरली तरी गायकाची पट्टी अर्ध्या स्वराने चढते आणि लय बदलते. पुढचा विद्यार्थी त्या चुकीलाच घराण्याची रीत समजेल.

ती विकू नये. कलावंताच्या वा वारसांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नये. अभ्यासकाला ती ग्रंथालयातच बसून ऐकता यावी, आणि संमती नव्हती हे नोंदवहीत स्वच्छ लिहिलेले असावे. विद्या चोरली गेली या बडे महंमद खाँच्या तक्रारीला आजवर कोणी पुरते उत्तर दिलेले नाही. पडद्याआडून जे मिळाले ते कोणाचे होते, एवढे न विसरणे तरी या शहराच्या हाती आहे. शंभर वर्षे पुस्तकांच्या नोंदी निष्ठेने ठेवणाऱ्या संस्थेला हे काम परके वाटू नये.