आधी जेवण, मग तांबूल

हातातलं काम चालू राहू द्या. कोणी शेंगा फोडत असेल, कोणी भाकरी थापत असेल, कोणी दिवसभर कापूस वेचून आत्ताच कुठं भिंतीला टेकली असेल. आज आपल्याला जेवणाबद्दल बोलायचंय. रांधण्याबद्दल नाही, वाढण्याबद्दल नाही. आपण स्वतः बसून जेवण्याबद्दल.

आमचा गट अकरा जणींचा. मार्गशीर्षात एका शुक्रवारी आम्ही माहूरला गेलो. माहूर आम्हाला नवं नाही. रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, अनसूयामाता, तिन्ही डोंगर आमच्या पायाखालचे. पण या वेळी निघण्याआधी गटाच्या बैठकीत एक ठराव झाला, आणि त्यावरून चांगलीच जुंपली. ठराव असा की, या वेळी शिदोरी न्यायची नाही. दुपारी माहुरातल्या एखाद्या खानावळीत बसून जेवायचं.

आमच्यातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, "पैसे मोजून भाकर खायची? आपल्या हाताला काय झालं?"

काकूंचं म्हणणं चूक नव्हतं. पण मग आम्ही हिशोब मांडला. मार्च 2023 पासून एस.टी.त बायांना निम्मं तिकीट लागतं. जाऊन येऊन प्रत्येकीचे साधारण सव्वाशे रुपये वाचत होते. ते पैसे एरवी कुठं जातात? पोरांसाठी पेढे, सासूबाईंसाठी बांगड्या, घरच्यांसाठी प्रसाद. आपल्या पोटात त्यातला एक रुपया जात नाही. आणि शिदोरीचं म्हणाल, तर ती करायला पहाटे तीनला उठायचं, डोक्यावर वाहून न्यायची, झाडाखाली सोडायची, सगळ्यांना वाढायची, आणि शेवटी उरलेल्या मोडक्या दशमीवर लोणच्याचा खार लावून खायची. काकू गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "चला तर. पण भाजी वाईट निघाली तर मी बोलणार."

सकाळी गड चढलो. दर्शन झालं. माहूरची खूण म्हणजे तांबूल. बाकी ठिकाणी पेढा, नारळ, खडीसाखर. इथं देवीला कुटलेल्या विड्याचा नैवेद्य. तो प्रसाद हातावर घेतला आणि खाली आलो. पुढं अनसूयामातेलाही जाऊन आलो. तिची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश तिच्या दारी आले ते अतिथी होऊन, जेवायला मागायला. वाढण्यासाठी अट घातली भलतीच अवघड. तिनं तिघांची बाळं केली आणि मग त्यांना पोटभर दिलं. दत्तगुरूंचंही तसंच. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि निजायला माहूर, असं म्हणतात. उतरताना आमच्यातली एक म्हणाली, "देव जेवून इथं झोपायला येतो. आपण उपाशी येतो आणि उपाशी जातो." आम्ही हसलो. पण भूक खरोखर लागली होती.

खानावळ शोधली. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तशा दहा असतील. बाहेर चपलांचा ढीग, आत गोंगाट. यवतमाळ-पुसदकडची माणसं, आदिलाबादकडची तेलुगू बोलणारी मंडळी, कडेवर लेकरं, कपाळाला हळद-कुंकू. "चार भाकरी, दोन पिठलं, एक शेवभाजी" अशी पोऱ्याची आरोळी. गल्ल्यावर बसलेल्या भाऊंनी आमच्याकडं पाहिलं, मागं कोणी दिसतंय का तेही पाहिलं आणि विचारलं, "सोबत माणूस कोण आहे?"

आमची हिशोब लिहिणारी ताई म्हणाली, "आम्ही अकरा माणसं आहोत."

भाऊ हसले. तसे वाईट नव्हते. आतल्या पडद्यामागच्या खोलीत बसा म्हणाले. आम्ही म्हटलं, इथंच बसू, पंख्याखाली. अर्धा तास थांबलो, मग दोन टेबलं जोडून मिळाली.

भिंतीवर पाटी होती, 'एका ताटात दोघांनी जेवू नये'. त्यावर आमच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, "मग ताट घ्यायचंच कशाला? सुटं मागवू." ती पुण्यात दोन वर्षं राहून आलेली. तिथं मैत्रिणींबरोबर ती एका थाई हॉटेलात गेली होती. थायलंडच्या लोकांची रीत तिनं सांगितली. प्रत्येकासमोर भात असतो, आणि भाज्या, कालवणं सगळ्यांच्या मधोमध ठेवतात. जो तो थोडं थोडं घेतो. आधी कोण, मागून कोण, असं काही नाही. त्यांच्या आमटीत गवती चहा घालतात म्हटल्यावर काकूंनी नाक मुरडलं. पण मिरची, चिंच, शेंगदाणा हे त्यांच्याकडंही आहे म्हटल्यावर पटलं. मिरची तर त्यांचीही नव्हे आणि आपलीही नव्हे. ती अमेरिका खंडातून आली, पाचेकशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांच्या जहाजांतून. त्याआधी आपल्याकडं ठेचाच नव्हता, तिखटपणा मिऱ्याचा होता.

तर आम्हीही तसंच केलं. पिठलं, वांग्याची भाजी, शेवभाजी, वरण, ठेचा मधोमध. भाकरी मोजून.

आणि मग गंमत झाली. भाकरीची परडी आली, तशा काकू उठल्या आणि सगळ्यांना वाढायला लागल्या. त्यांना कळलंसुद्धा नाही. पदर खोचलेला, उजव्या हातात भाकरी. "काकू, बसा. वाढणारा येतोय." त्या बसल्या. दोन मिनिटांनी दुसरी उठली, पाणी वाढायला. एकीनं तुकडा मोडला आणि हात तसाच धरून बसली, सगळ्यांना आलं का ते बघत. बसून जेवायचं म्हटलं तरी आपलं अंग ऐकत नाही, बायांनो.

शेवटी काकूंनी तव्यावरची वाफाळती भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि तोंडात घातली. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून तव्यावरची पहिली भाकर मी आज खाल्ली."

कोणी काही बोललं नाही. काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली आहेत.

जेवण कसं होतं म्हणाल, तर पिठलं जरा पातळ, पण लसणाची फोडणी छान. वांग्यात तेल फार. ठेचा एक नंबर. आम्ही पोटभर जेवलो, पुन्हा भाकरी मागवली. बिल आलं 1290 रुपये. आमच्या हिशोबवाल्या ताईनं भाकऱ्या मोजून ठेवल्या होत्या. बिलात चार जास्त लागल्या होत्या. वीस रुपयांप्रमाणे ऐंशी रुपये. तिनं शांतपणे दाखवलं, भाऊंनी शांतपणे खोडलं. 1210 झाले, अकरा जणींत प्रत्येकी 110. सांगायचं एवढंच की, बिल मागायला, वाचायला आणि विचारायला लाजू नका. गटाच्या वहीत आपण पै-पै लिहितो, मग इथं का संकोच? ऐकलंच नाही कोणी, तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवा.

इथवर गोष्ट आनंदाची आहे. पुढची सांगायलाच आज आलो.

हात धुवायचा नळ मागच्या बाजूला होता. तिथंच भटारखाना. चार बाया होत्या. दोघी भाकरी थापत होत्या, एक भाजी ढवळत होती, एक भांडी घासत होती. चुलीची धग दारापर्यंत येत होती. साडेतीन वाजले होते. आमच्यातल्या एकीनं सहज विचारलं, "ताई, जेवल्या का?"

भाकरी थापणारीनं मान वर केली नाही. म्हणाली, "गर्दी सरली की. कधी चार वाजतात, कधी पाच. मंगळवार-शुक्रवार तर चहावरच निघतो."

"मालक जेवू देत नाही?"

"मालक नाही कशाला म्हणतोय? हात थांबला की तवा थांबतो. तवा थांबला की बाहेर ओरड."

काकू म्हणाल्या, "सर बाजूला, दहा भाकरी मी थापते. तू दोन घास खा." ती हसली, नको म्हणाली. तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "सहा भाकरी!"

आम्ही बाहेर आलो. जिभेवर ठेच्याची चव होती, आणि मनात काहीतरी टोचत होतं. काकूंना चाळीस वर्षांनी मिळालेली पहिली भाकरी ज्या हातांनी थापली, ते हात सकाळपासून उपाशी होते. आमची पंगत पुढं सरकली, पण शेवटची पंगत बाईचीच राहिली. फक्त बाई बदलली.

मैत्रिणींनो, हे नुसतं वाईट वाटण्यापुरतं नाही. 2019 ते 21 या काळात सरकारनं देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभर बायांमागं 54 जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्याला कारणं बरीच असतात. पण शेवटी जेवायचं, उरलंसुरलं खायचं, भाजी संपली तर मिठाशी भाकर खायची आणि भूक चहावर मारायची, हेही त्यातलं एक. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. त्याऐवजी लिंबू पिळा. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर ते कमी समजतात. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या.

परतीच्या गाडीत आमची बैठकच झाली. कारण आमच्या गटाचाही विचार चाललाय, पुढच्या नवरात्रात जेवणाचा स्टॉल टाकायचा. मग ठरवायचं ते आत्ताच ठरवलं.

पहिलं, रांधणारीचं जेवण पाळीनं आणि वेळेवर. एकीचा हात थांबला तर दुसरीनं तवा धरायचा. त्यासाठी चारऐवजी पाच जणी लागल्या तर लागू द्या. त्या जेवणाचा आणि पाचवीच्या रोजाचा खर्च ताटाच्या किमतीत धरायचा. आपल्या बाया स्वस्त ताटाच्या नादात स्वतःची मजुरीच धरत नाहीत आणि मग नफा झाला म्हणतात.

दुसरं, छोट्या धंद्यालाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. त्याचा 14 आकडी नंबर मिळतो, तो दर्शनी भागात लावायचा. आणि नवरात्रात भगर करायची असेल तर सुटं, जुनं पीठ आणायचं नाही. मराठवाड्यात भगरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत पुन्हा पुन्हा येतात. ओल लागली की त्यात बुरशी धरते. भगर निवडून, धुऊन, कडक वाळवून, लागेल तेवढीच दळायची.

तिसरं, सावकाराचा पैसा घालायचा नाही. मुंबईत गिरणी कामगारांना घरगुती खानावळीत जेवू घालणाऱ्या बाया अशाच उधारी-व्याजात बुडायच्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्याला तर गटामुळं बँक ओळखते.

चौथं धाकटीनं सुचवलं. पाटीवर रांधणारीचं नाव लावायचं. तिनं मोबाईलवर बँकॉकच्या एका बाईची गोष्ट दाखवली. रस्त्याकडेच्या दुकानात शेगडीवर, डोळ्यांना मोठा चष्मा लावून ती खेकड्याचं ऑम्लेट करते. 2017 च्या डिसेंबरात बँकॉकच्या हॉटेलांची पहिली मिशेलिन यादी निघाली. हॉटेलच्या जगात तिचा मान मोठा. त्यात या सत्तरी ओलांडलेल्या बाईला तारा मिळाला. लोक तिला जे फाय म्हणतात. अर्थ काय, तर तीळवाली ताई. तेच दुकानाचं नाव. काकू म्हणाल्या, "मग आपल्या पाटीवर माझंही येऊ द्या. पण आधी जेवीन, मग थापीन."

आता तुमच्यासाठी एक काम. येत्या शुक्रवारी घरात सगळ्यांनी एकदम जेवायला बसायचं. भाजी-भाकरी मधोमध. तव्यावरची एक भाकरी आधी स्वतःच्या ताटात घ्या. घरातली सून असेल तर तिच्याही. कोणी विचारलं तर सांगा, रेडिओवर सांगितलंय. आणि कधी खानावळीत जेवलात तर मागं डोकावून विचारा, "ताई, जेवल्या का?" गल्ल्यावरच्या भाऊंना ऐकू जाईल असं विचारा.

जाता जाता गडावरचं एक सांगतो. विडा हा जेवणानंतरचा असतो. रेणुकामातेला आपण तांबूल देतो, म्हणजे ती जेवली आहे असं धरूनच देतो. तिच्या पायथ्याशी राबणारी बाईही वेळेवर जेवली पाहिजे. तिचं ताट आधी, तांबूल मागून.

बसा आता, जेवून घ्या. नमस्कार.