गाडीची झडप आणि आपली अमानत

(वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून मोटारीच्या एका झडपेवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल गॅरेजवर पेटते. शिवाय नाशकात महिंद्राच्या गाड्या तयार होतात आणि बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनाची नोझले बनतात. तेव्हा हा विषय आपल्या अंगणातलाच आहे.

कसारा घाट चढताना डिझेल गाडी काळा धूर ओकते, ओढ कमी पडते, उभी असताना थरथरते आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. याची कारणे अनेक असतात. त्यांतले एक नेहमीचे कारण म्हणजे काजळीने चोंदलेली ईजीआर झडप.

ही झडप करते काय? हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. इंजिनातील प्रखर उष्णतेत त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती श्वसनमार्गाला अपाय करतात. हे कमी व्हावे म्हणून जळालेल्या वायूचा थोडा भाग ही झडप पुन्हा इंजिनात सोडते. त्या वायूत प्राणवायू कमी असल्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते. मात्र त्यातली काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ मिळून झडपेवर डांबरासारखा थर बसतो. रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत तो लवकर साचतो.

साफसफाई घरीही करता येते. मात्र गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. जागा मोकळ्या हवेची हवी. हातमोजे, चष्मा व तोंडाला मास्क घाला. बॅटरीची ऋण तार काढा. झडप कोठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा आणि खोलण्यापूर्वी जोडणीचा फोटो काढून ठेवा. मग विजेचा प्लग किंवा व्हॅक्यूमची नळी सोडवा आणि बोल्ट काढा. काही गाड्यांत शेजारी पाण्याच्या नळ्या असतात. झडप काढण्यासाठी त्या सोडाव्या लागणार असतील, तर काम जाणत्याकडे न्या.

काजळीवर कार्ब क्लीनरचा फवारा मारून ती भिजू द्या आणि मऊ ब्रशने काढा. विजेचा भाग द्रवात बुडवू नका. अडकलेली झडप स्क्रूड्रायव्हरने रेटू नका. जाळून साफ करण्याच्या फंदात तर पडूच नका. काजळीचे खडे इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेत पडू देऊ नका. झडप पूर्ण वाळल्यावर नवे पॅकिंग घालून बसवा आणि बोल्ट सारख्या जोराने आवळा. काही गाड्यांत नंतर स्कॅनर लावून जुनी नोंद पुसावी लागते.

आता मुख्य मुद्दा. या मेहनतीला एक पळवाट आहे. झडपेच्या वाटेत पत्र्याचा तुकडा घालून ती कायमची बंद करतात. पत्रा घातल्यावर काळा धूर उलट कमी होतो. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराची दाटीच पाहतात, म्हणून गाडी पासही होते. गिऱ्हाईक खूष, कारागीर खूष! पण न दिसणारी ऑक्साइडे वाढतात आणि ती आपल्याच गल्लीतली लेकरे श्वासातून घेतात.

जेथे तपासणारा कोणी नाही, तेथेच माणसाची अमानत पारखली जाते. गिऱ्हाइकाने गाडी विश्वासाने सोपवली आणि सर्वांनी मिळून श्वासाची हवाही आपल्यावर सोपवली आहे. दोन्हींत खयानत नको.

पालकांनो, मुलगा आठवीतच पाना हाती घेतो, म्हणजे शिकून काय करायचे, असे म्हणू नका. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा मानके लागू झाली. गाडीत सेन्सर आणि संगणक वाढले. आज पुस्तिका वाचता न येणारा कारागीर उद्या मागे पडेल. आणि पत्रा का घालू नये, हे ज्याला रसायनशास्त्राने सांगितले आहे, तोच गिऱ्हाइकाला समजावून नाही म्हणू शकेल.

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही काळ्या हातांची लाज धरू नका. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते घडवीत, हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत. सुट्टीत एखाद्या उस्तादापाशी बसा, वर्गात शिकलेले तेथे ताडून पाहा. पुस्तक आणि पाना यांचे वैर नाही.

अल्लाह आपणां सर्वांना इल्म आणि इमानदारी दोन्ही देवो. आमीन.