शिलालेखात न उतरलेला तारा



 उमरग्यातल्या या आकाशप्रेमींच्या संमेलनासाठी अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन तेजाळणारा तारा, हा विषय ठरला तेव्हा काहींनी विचारलं, धाराशिव जिल्ह्याचा आणि त्याचा संबंध काय?

४ जुलै १०५४. वृषभ राशीत एक तारा असा तेजाळला की चीनमधल्या निरीक्षकांना तो २३ दिवस भरदिवसा दिसला. त्याचे अवशेष म्हणजे आजचा क्रॅब तेजोमेघ. तेव्हा आपल्या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, गादीवर सोमेश्वर पहिला. ती कल्याणी, म्हणजे बसवकल्याण, इथून फार लांब नाही. त्यांच्या राज्यात कुणी हा तारा पाहिलाच नसेल? डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृत पंडिता डॉ. सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय साहित्यात अशा नोंदींचा शोध घेतला, २००१ मध्ये त्यावर निबंध लिहिला. निर्विवाद नोंद हाती लागली नाही. आषाढातल्या ढगांवर खापर फोडावं, तर रात्री तो तारा पुढे जवळपास पावणेदोन वर्षं दिसत होता! माझा आपला एक तर्क आहे: ग्रहणाच्या पर्वावर दिलेलं दान दगडावर कोरलं जाई; नव्या ताऱ्याच्या नावाने दान कोण देणार?

असा स्फोट होतो कसा? सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्याच्या गाभ्यात शेवटी लोखंड साचतं. त्याच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, म्हणून गाभा कोसळतो आणि वरचे थर उन्हात तडकलेल्या सोयाबीनच्या शेंगेसारखे उधळतात. त्यातला ऑक्सिजन, कॅल्शियम दीर्घिकेतल्या वायूत मिसळतो. पुढचे तारे, ग्रह त्यातूनच घडतात. पण हे सगळं पोषकच असतं असं नाही. लहान दीर्घिकेत असे स्फोट लागोपाठ झाले, तर वायूच बाहेर फेकला जातो आणि नव्या ताऱ्यांचा जन्म मंदावतो. यावर जाणकार बोलतीलच.

यंदा शिलालेख वाचणाऱ्यांनाही मुद्दाम बोलावलंय. दुर्बीणवाल्यांनी दुपारी त्यांच्यात जाऊन बसावं. रात्री मैदानावरचे दिवे बंद राहतील; विजेरीला लाल कागद लावा. क्रॅब आपल्या दुर्बिणींतून धुरकट ठिपक्याएवढाच दिसेल, फोटोतल्यासारखे रंग शोधू नका. आणि जेवणात ज्वारीची भाकरी आहे. तिखट मात्र आमच्या मापाचं आहे, पुणेकरांनी आधीच सांगून ठेवावं.