यंत्राच्या सूचना बालबोधीत हव्यात

पेडणे अथवा डिचोली महालातील एखाद्या जुन्या घरची पेटी उघडली, तर तिच्या तळाशी मोडी लिपीतील किंवा पोर्तुगीज भाषेतील कागद सापडण्याचा संभव असतो. घर आपले, जमीन आपली. परंतु कागद वाचून घेण्यासाठी जाणकाराचे दार गाठावे लागते. संगणकाच्या बाबतीत आपली स्थिती अशीच आहे. यंत्र आपण विकत घेतो, पण त्याने कसे वागावे हे जेथे लिहिलेले असते, तो मजकूर आपल्याला परका राहतो.

हा मजकूर म्हणजे ‘कॉन्फिगरेशन फाइल’; तिला आपण मांडणीपत्रक म्हणू. लिनक्सवर आधारलेल्या प्रणालींत अशी बहुतेक पत्रके ‘ईटीसी’ नावाच्या कप्प्यात साध्या मजकुराच्या रूपाने असतात. त्यांत गुप्त असे फारसे नसते. परंतु वाचता येणे निराळे आणि उमगणे निराळे. कित्येकदा एक चिन्ह चुकले, की सारेच अडते.

या शतकाच्या आरंभी गोव्यातील शाळांसाठी परदेशातून वापरलेले संगणक आणून त्यांवर लिनक्स चालविण्याचा उपक्रम झाला. त्या काळी पडद्याच्या कंपनसंख्या पुष्कळदा पत्रकात हाताने लिहाव्या लागत. आकडा चुकल्यास जुना पडदा बिघडण्याचेही भय असे. खेड्यातील शिक्षकाने हे आकडे आणावे कोठून? जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली सिद्ध केलेली ‘क्नॉपिक्स’ ही तबकडी मात्र संगणकाचे बहुतेक भाग स्वतःच ओळखून घेई. यंत्राला जे आपणहून कळू शकते, ते माणसाला विचारू नये, हा पहिला धडा होय.

दुसरा धडा तपासणीचा. अधिकारांचे पत्रक बदलण्याकरिता ‘विसुडो’ नावाचे साधन आहे. ते लेखनातील चूक आधी दाखविते. कारण ते पत्रक बिघडले, तर दुरुस्तीचा अधिकारच हातून जाण्याची भीती. तिसरा धडा परतीच्या वाटेचा. पडद्याची मांडणी बदलल्यावर काही सेकंदांत होकार न मिळाल्यास आजच्या प्रणाली पूर्वस्थितीवर येतात. नवशिक्याला धीर येतो तो अशाने.

मग पत्रके नाहीशी करून केवळ बटणेच ठेवावी काय? माझ्या मते नाही. ज्या दिवशी बटणांची खिडकीच उघडत नाही, त्या दिवशी साधा मजकूरच उपयोगी पडतो. तो लपविणे म्हणजे सुलभता नव्हे. तो समजेल असा लिहिणे ही सुलभता. पुष्कळ पत्रकांत विशिष्ट चिन्हाने आरंभ होणाऱ्या ओळी यंत्र सोडून देते. त्या केवळ माणसासाठी असतात. युनिकोडमुळे त्या मराठीतही लिहिता येतात.

हे कार्य दूरच्या कारखान्यांवर सोपविण्याचे कारण नाही. एखाद्या शाळेतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्षाकाठी एका पत्रकाचा अर्थ जरी मराठीत लिहून ठेवला, तरी पुढच्या वर्गाला पणजीहून कारागीर येईपर्यंत बंद खोलीबाहेर ताटकळावे लागणार नाही.